कपाटाखालच्या चार वाट्या

ही गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. गोष्ट एका कुत्र्याची आहे आणि माझी. दोघांपैकी कुत्रा चांगला होता.

१९५४ साली मी सत्तावीस वर्षांचा होतो. पुणे-मुंबई रस्त्यावर, देहूरोडच्या अलीकडे, यशवंतरावांचं गॅरेज होतं. लष्कराच्या लिलावात निघालेले जुने ट्रक ते घेत, नीटनेटके करून विकत. तिथे मी कारकून होतो. सुट्या भागांच्या याद्या करायच्या आणि इंग्रजीत काही आलं की वाचून दाखवायचं, एवढंच काम. वाचतो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. मी मास्तर कधीच नव्हतो, पण तसं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

राहायला पिंपरी गावात अंबुबाईंच्या घराची रस्त्याकडची खोली होती. अंबुबाई साठीच्या, एकट्या. लेक चाकणला दिलेली. दोन शेळ्या आणि खंड्या नावाचा कुत्रा, एवढाच त्यांचा संसार. त्यांना कमी ऐकू येई. दारावर कोणी आलं की खंड्या भुंकत नसे. तो आत जाऊन त्यांचा पदर ओढी. शेळी पिकात शिरली, दूध उतू गेलं, पोस्टमन आला, सगळं त्यांना खंड्याच्या दातांतून कळे. त्यांच्या प्रत्येक लुगड्याच्या पदराला बारीक भोकं होती.

खंड्या माझ्याही खोलीत येई. मला मोठ्याने वाचायची सवय आहे आणि माणसांसमोर वाचायची लाज वाटते. तो पुढच्या पायांवर हनुवटी टेकून ऐके. मला त्या गावात दुसरा कोणी मित्र नव्हता, हे लिहायला हरकत नाही.

माझ्याकडे साठ-पासष्ट पुस्तकं होती आणि ती ठेवायला एक लाकडी कपाट. चैत्र लागला की भिंतीतून लाल मुंग्या निघत आणि बांधणीची खळ खाऊन टाकत. त्यावर घरोघरी जो उपाय करतात तोच मी केला होता. कपाटाचे चारही पाय चार चिनीमातीच्या वाट्यांत ठेवले होते आणि वाट्यांत पाणी. पण त्या वर्षी ऊन असं होतं की सकाळी भरलेलं पाणी मी गॅरेजवरून येईपर्यंत नाहीसं झालेलं असे आणि मुंग्या पायांवरून रांगेने वर गेलेल्या असत.

त्याच दिवसांत गॅरेजवर काश्मीरकडून आलेला एक ट्रक लागला. आमचे मुख्य मिस्त्री चिमाजी कोकणातले, लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपात राहून आलेले. रेडिएटरला तारेने बांधलेली पितळी पट्टी त्यांनी माझ्यापुढे धरली.

"वाचा मास्तर."

"यात थंडीत न गोठणारं पाणी आहे, काढू नका, असं लिहिलंय."

"काढू नका काय? इथे बर्फ पडणार आहे? पडलाच तर यशवंतरावांच्या टकलावर पडू दे, जरा थंड होतील." त्यांनी खाली डबा लावून तोटी सोडली. हिरवट, किंचित दाट पाणी आलं. "हे गोड असतं, मास्तर. आमच्या वर्कशॉपात एका गोऱ्या साहेबाचं कुत्रं हे चाटून मेलं. आधी दारू प्यायल्यासारखं झुलायला लागलं, मग एक दिवस एकदम बरं. आम्ही म्हटलं सुटलं. तर गेलं."

"आणि सलाम करणारं खेचर?" मी विचारलं.

सगळे हसले. आदल्याच दिवशी चिमाजींनी त्या वर्कशॉपातल्या एका खेचराची गोष्ट सांगितली होती. ते म्हणे सुभेदाराला सलाम करी आणि साध्या शिपायाकडे बघतही नसे. मी फारसा विनोद करत नाही. हा लागू पडला म्हणून मला दिवसभर बरं वाटत होतं.

"खेचराचं सोडा," चिमाजी म्हणाले. "कुत्र्याचं खरं आहे."

डबा चार दिवस उन्हात तसाच पडून राहिला. शेजारच्या बादलीतलं पाणी आटलं, डब्यातलं रेषभरही उतरलं नाही. ते मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात कल्पना आली. घरी जाऊन माझ्या पुस्तकांत त्या पाण्याबद्दल काही सापडतं का ते पाहिलं. एका जुन्या रसायनाच्या पुस्तकातही काही नव्हतं. पुस्तकात नाही म्हणजे ते चिमाजींचं खेचर, असं मी ठरवलं. तेव्हा मला असंच वाटे, की खरं जे असतं ते कुठेतरी छापलेलं असतं.

"हे मी नेऊ का?" मी चिमाजींना विचारलं. "कपाटाच्या वाट्यांत घालायला."

ते चाक काढत होते. वर न बघता म्हणाले, "घरात कुत्रं-मांजर नाही ना?"

"माझं नाही," मी म्हणालो.

वाट्या भरल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांत मुंग्या मरून तरंगत होत्या. माझी पुस्तकं वाचली, याचाच मला आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, मी सायकलवरून आलो तर अंगणात खंड्या चालत होता आणि त्याचे मागचे पाय त्याच्या ताब्यात नव्हते. तो शेळीच्या खुंट्याला धडकला, बसला, पुन्हा उठला. पलीकडच्या ओट्यावर भैरू बसला होता. भैरू म्हणजे अंबुबाईंचा पुतण्या. दोन्ही घरांत एकच भिंत.

"काकू," भैरू ओरडून म्हणाला, "तुमचं कुत्रं कुठनं ढोसून आलं? दारूबंदी हाय म्हणावं."

अंबुबाईही हसल्या. "तुझ्या चुलत्यावर गेलंय," त्या म्हणाल्या.

मी हसलो नाही. चिमाजींचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवलं होतं. मी खोलीत जाऊन वाकून वाट्या पाहिल्या. तिथे काय पाहिलं आणि काय केलं ते शेवटी लिहितो. आता लिहिलं तर पुढचं लिहायचा धीर राहणार नाही.

गुरुवारी खंड्या नीट चालला. पाणी मात्र सारखं पीत होता, पण भाकरी खाल्ली. मी दिवसभर स्वतःला सांगत राहिलो, की बरा झाला. एक दिवस बरा होतो हेही चिमाजींनी सांगितलं होतं, ते मी आठवू दिलं नाही.

शुक्रवारी तो उठला नाही. शेळ्यांच्या गोठ्यात पडून राहिला, ओकला, तोंडातून घाण वास येऊ लागला. अंबुबाई त्याच्याजवळ बसून होत्या. मी गॅरेजवर गेलो नाही. दारात जाऊन म्हणालो, "काकू, माझ्या खोलीत एक..."

"काय?"

मी पुन्हा म्हणालो. आवाज पहिल्याहून लहान निघाला.

"मोठ्यानं बोल बाबा. कोन आलंय?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्यानंतर त्या उठल्या आणि भैरूच्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांपूर्वी खंड्याने भैरूची कोंबडी धरली होती आणि भैरू चारचौघांत म्हणाला होता, की पुन्हा धरली तर कुत्रं दिसणार नाही. अंबुबाईंनी शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "भाकरीत काय घातलंस?"

"काकू, म्या न्हाई घातलं."

"मग कोनी?"

"मला काय ठाव? बोललो असंन रागानं. बोलल्यालं सगळं करतो व्हय मी? तसं असतं तर तुमचं घर कवाच माझं झालं असतं."

कोणीतरी हसलं. अंबुबाईंना ते ऐकू आलं नाही, पण हसणारं तोंड दिसलं. त्या म्हणाल्या, "बेल-भंडारा उचल."

खंडोबाचं कुळ, आणि मरतंय ते कुत्रं, देवाच्या पायाशी बसणारं जनावर. भैरूची बायको रंभा आतून बेलाचं पान आणि हळद घेऊन आली. भैरूने ती हातात घेतली आणि म्हणाला, "म्या घातलं असंल तर माझा वंस बुडंल." रंभेला तेव्हा सातवा महिना होता. तिने डोळे मिटून घेतले.

"खोटं," अंबुबाई म्हणाल्या आणि परत गोठ्यात आल्या.

खोटी शपथ घेणाऱ्याचा शब्द गावात पुन्हा कोणी घेत नसे. भैरू माणसांकडे बघत उभा राहिला आणि माणसं त्याच्याकडे बघेनात. मी माझ्या खोलीच्या पडद्यामागे होतो. पडदा मळका होता, त्याला एक ठिगळ होतं. दुसरं काही मला नीट आठवत नाही.

दुपारी जनावरांच्या दवाखान्याचा माणूस सायकलवरून आला. त्याला बोलवायला भैरूच गेला होता. त्या माणसाने खंड्याच्या पोटाला हात लावला, तोंड उघडून पाहिलं.

"याला विषारी काहीतरी मिळालंय. मूत्रपिंडं गेली. घरात काही ठेवलं होतं का? उंदरांसाठी? ढेकणांसाठी?"

मीच तो प्रश्न अंबुबाईंच्या कानाशी नेला. त्या नाही म्हणाल्या. मीच ते त्याला सांगितलं.

"पहिल्या दिवशी कळलं असतं तर ओकवून तरी पाहिलं असतं," तो म्हणाला. "आता पाणी पाजा, आणि काय."

शनिवारी सकाळी खंड्या मेला. अंबुबाई पदराचं टोक त्याच्या तोंडाजवळ धरून बसल्या होत्या. ओढेल म्हणून.

मी गेलो आणि म्हणालो, "काकू, मी मारला."

"काय?"

"भैरूने नाही. मी."

"ऐकू न्हाई येत रं."

आयुष्यात मी कधी ओरडून बोललो नव्हतो. पाढे म्हणतानाही मागच्या रांगेत ओठ हलवत असे. त्या दिवशी मी ओरडलो. ट्रकचं पाणी, पुस्तकं, मुंग्या, वाट्या, सगळं तुकड्या-तुकड्यांनी, जसं त्यांना ऐकू जाईल तसं. गल्लीतली दारं उघडली. भिंतीपलीकडे भैरू भाकरी खात होता. त्याने ते सगळं ऐकलं असणार, कारण थोड्या वेळाने तो हात न धुता, खांद्यावर कुदळ घेऊन अंगणात आला.

मग अंबुबाईंनी मला विचारलं, "पुस्तकं नीट हायत न्हवं?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर मी आज इतका म्हातारा झाल्यावर तो विसरलो असतो. ज्यासाठी एवढं झालं ते तरी वाचलं का, हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हणालो.

भैरूने उकिरड्यापलीकडे खड्डा खणायला घेतला. जमीन तापून दगड झालेली. मी कुदळ मागितली तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. त्या वाट्या आन, आनि डबाबी. ह्येच्याखाली पुरू, न्हाईतर उद्या शेळी तोंड लावंल."

अंबुबाई काठावर उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने त्या त्याला म्हणाल्या, "सकाळधरनं च्या घेतला का न्हाई?"

"न्हाई, काकू."

त्या आत गेल्या आणि चुलीवर आधण ठेवलं. क्षमा मागणं त्या घरांत असंच चाले. भैरू कुदळीवर हात ठेवून थोडा वेळ थांबला, मग खणू लागला. मी खोली सोडून जातो म्हणालो तेव्हा अंबुबाई एवढंच म्हणाल्या, की मग दाराशी कोण आलंय ते मला कोण सांगणार.

मी तिथे आणखी सहा वर्षं राहिलो. दारावर कोणी आलं की उठून आत जाई आणि त्यांच्यासमोर उभा राही. लोक म्हणत, अंबुबाईंचा भाडेकरू पोटच्या पोरासारखा आहे. आता मी संत तुकाराम नगरात मुलाकडे असतो. ते कपाट इथेही आहे, त्याचे पाय नुसत्या फरशीवर आहेत. मुंग्यांनी बरीच पुस्तकं खाल्ली.

आता ते राहिलेलं. बुधवारी संध्याकाळी, अंगणात सगळे हसत असताना, मी वाकून पाहिलं तेव्हा तीन वाट्या भरलेल्या होत्या आणि दाराकडची चौथी कोरडी होती. ते पाणी वाळत नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर ते आणलं होतं. तरी मी मनात म्हणालो, ऊन फार आहे, वाळलं असेल. तसं मानलं की खंड्याने ते प्यायलं नव्हतं, मग कोणाला काही सांगायचंही नव्हतं. आणि वाळलंच आहे हे स्वतःला पटावं म्हणून मी डबा काढला आणि ती वाटी पुन्हा काठोकाठ भरली. दार रोजच्यासारखं अर्धं उघडं ठेवलं.

शनिवारी मी ओरडून सगळं सांगितलं, पण हे सांगितलं नाही. खड्ड्याजवळ मी भैरूला तीन भरलेल्या वाट्या दिल्या आणि चौथी, जी अर्धी होती. त्याने ती हातात घेऊन आत पाहिलं.

"एवढुश्यानं गेलं?" तो म्हणाला.

मी हो म्हणालो.