तीन दिवस काळोख

सुयोग धुरीला त्या लाल शेवाळाने जेरीस आणलं होतं. बोरिवलीत तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या हॉलमध्ये चार फुटी टँक होता. त्यात खारं पाणी, खडक, ओंजळभर कोरल आणि सात मासे. या घरगुती समुद्राच्या तळावर गेले तीन महिने एक लालभडक, बुळबुळीत थर धरत होता, दुधावर साय धरावी तसा. दर दोन दिवसांनी सुयोग बारीक नळी लावून तो ओढून काढी, लाल पाण्याची बादली मोरीत ओती, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन बघावं तर साय पुन्हा हजर. रोज मरे त्याला कोण रडे! त्याच्या बायकोने, श्वेताने, आताशा त्या बादलीकडे बघणंही सोडलं होतं.

पण शेवाळ परवडलं, अशी दुसरी काळजी त्याच घरात होती. त्याचे वडील, धोंडू धुरी, वाळत चालले होते. दिवाळीत आबांचं वजन छप्पन्न किलो होतं, आता सत्तेचाळीस. रक्त तपासलं, साखर तपासली, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस काहीच आजार नसताना नऊ किलो उतरतो कसा, हे डॉक्टरांनाही उमगेना.

"जेवतात का नीट?" त्यांनी विचारलं.

"सकाळी डबा भरून पेज ठेवून जाते. संध्याकाळी डबा घासून पालथा घातलेला असतो," श्वेता म्हणाली. "रात्री म्हणतात, दुपारचंच जड झालंय, मग अर्धा कप दूध घेतात."

"मग आतून बघावं लागेल. नळी घालून. दोन दिवस ॲडमिट करा."

आबांनी तिथल्या तिथे मान हलवली. नाही म्हणजे नाही. गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं वॉचमनकी केलेला माणूस, अडवायचं म्हटलं की कोणालाही अडवू शकत असे. श्वेताला रडू यायचं बाकी होतं. तळमजल्यावरच्या चंपामावशींनी आदल्या दिवशीच जिन्यात विचारलं होतं, "सासऱ्यांना काय घालतेस की नाही गं?" पतपेढीतली नोकरी आणि घर सांभाळून पहाटे उकड्या तांदळाची पेज करणाऱ्या बाईने यावर काय बोलावं?

शुक्रवारी ऑफिसातून येताना सुयोग अंधेरीला लवूच्या दुकानात गेला. लवू पंधरा वर्षं समुद्री मासे विकत होता आणि गिऱ्हाइकाची भीडभाड न ठेवता ऐकवत होता.

"जास्त खायला घालताय तुम्ही."

"चिमूटभर घालतो रे. एकदाच."

"सगळे असंच बोलतात." लवूने सुयोगने बाटलीतून आणलेल्या पाण्यात औषध टाकलं. पाणी गडद निळं झालं. "हे बघा. फॉस्फेट बघा किती. हे शेवाळ काय हवा खाऊन जगत नाही, साहेब. तुमच्या टँकमध्ये कुठून तरी अन्न पडतंय. पंप बदला, मीठ बदला, काय पण करा, अन्न पडतंय तोवर ते जाणार नाही."

"मग करू काय?"

"तीन दिवस ब्लॅकआउट. लाइट बंद, वरून खालून चादर, सगळीकडून चिकटपट्टी. उजेडाची एक फट नको. आत हवेचा पंप चालू ठेवा. मासे मरत नाहीत, कोरलही सोसतं. आणि एक दाणा टाकायचा नाही."

त्याच रात्री सुयोगने टँकला जाड काळी चादर गुंडाळली आणि पाकीट बंद करावं तसा तो चिकटपट्टीने बंद केला. आबा कॉटवर बसून बघत होते. त्यांची कॉट टँकच्या समोरच होती.

"ह्या कधी उघडतलंस?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी."

"मासे काळोखात किती दिस रवतले?"

"काही होत नाही त्यांना, आबा."

शनिवारी दोघंही कामावर होती. रविवारी दुपारी अडलेलं काम आटपायला म्हणून सुयोगला ऑफिसने बोलावलं, श्वेता माहेरी आईला बघायला गेली. संध्याकाळी परत आल्यावर आबांनी पुन्हा तोच प्रश्न केला. सोमवारीही केला, दोनदा. म्हाताऱ्याला माशांचा लळा लागलाय, असं दोघांना वाटलं. श्वेताला तर बरंच वाटलं. सासूबाई गेल्यापासून आबांनी कशात जीव घातलेला तिने पाहिला नव्हता.

मंगळवारी पहाटे श्वेताने सुयोगला हलवून उठवलं. "हॉलमध्ये घाण वास येतोय. टँकमधून येतोय वाटतं. मेलं रे आतलं सगळं."

सुयोग तसाच उठला. मेले असतील तर मेले, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि खोटं कशाला बोला, क्षणभर त्याला सुटल्यासारखंही वाटलं. त्याने चिकटपट्टी ओरबाडली, चादर ओढली.

टँक स्वच्छ होता. वाळू पांढरी दिसत होती, खडकांवर लाल रंगाचा ठिपकाही नव्हता. सातही मासे उजेडाने बिचकून कोपऱ्यात गेले. पाण्याला समुद्राचा वास होता, बाकी कसला नाही.

आंबूस वास मागून येत होता. आबांच्या कॉटखालून.

सुयोगने वाकून हात घातला आणि आबांचा गिरणीतला जुना पितळी डबा बाहेर ओढला. तीन पुडांचा. त्याने कडी काढली. वरच्या पुडात कालची पेज होती, मधल्यात परवाची, ती फसफसली होती. खालचा पूड उघडायची गरज नव्हती, तरी त्याने उघडला. शनिवारची पेज, जशीच्या तशी, वर बुरशीची लव.

लवूचं बोलणं त्याला आठवलं. अन्न पडतंय तोवर जाणार नाही. टँक बंद केला, तर टाकायला जागा उरली नाही. तीन महिने तो भिंग लावून वाळू तपासत होता, आणि काचेसमोर एक माणूस उपाशी बसला होता. सुयोगला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याला मान वर करवेना.

आबा जागे होते.

"टाकूक जीव होयना," ते हळू आवाजात म्हणाले. "अन्न कचऱ्यात टाकूचा नसता. कावळ्यांका घातलं असतंय, पन खिडकेक तू कबुतरांची जाळी मारलंस. मगे माशांका घातलंय. फुकट नाय घालवलंय, बाबा."

"तुम्ही का नाही खाल्लंत?"

आबांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "हय येता नि थांबता. दिवाळेपासून. पयली भाकरी थांबायची, मगे भात. आता पेज पन उतारना नाय. पानी जाता. दूध जाता."

श्वेता दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला आणि तशीच खाली बसली.

"आबा, सांगायचं ना."

"सांगलं असतंय तर तू माका हॉस्पिटलात न्हेलं असतंस."

"न्यावंच लागणार. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न..."

"तुज्या आवशीक पन दोनच दिवस म्हणान न्हेललंस."

हे ते रागाने बोलले नाहीत. झालेली गोष्ट सांगावी तसे बोलले. आई स्वतःच्या पायाने जिना उतरून रिक्षात बसली होती. विमला धुरी, किरकोळ ताप, दोन दिवस. अकराव्या दिवशी तिला घरी आणलं ते चौघांनी. त्यानंतर बापलेकांत त्यावर एक शब्द निघाला नव्हता.

सुयोगने डब्याचं झाकण लावलं. पुढे काय बोलायचं ते त्याला तोंडपाठ होतं: डॉक्टर चांगले आहेत, आता सगळं सोपं झालंय, काळजी करू नका. आईला त्याने हेच सांगितलं होतं.

"किती दिवस लागतील ते मला माहीत नाही, आबा," तो म्हणाला. "तेव्हाही माहीत नव्हतं. मीच घाबरलो होतो, म्हणून दोन दिवस म्हणालो. आतमध्ये काय निघेल तेही माहीत नाही. वाईटही निघेल."

खाली दूधवाल्याची सायकल लागल्याचा आवाज आला.

"तिका तसाच सांगूचा हुता," ते म्हणाले. "तिना तुका दोष दिल्यान नसतो."

मग त्यांनी पाय खाली सोडले, कॉटच्या कडेला हात टेकून उभे राहिले आणि श्वेताला म्हणाले, "चेडवा, माजो धुतलेलो शर्ट खय आसा?"

शर्ट सुयोगने त्यांच्या अंगात घातला. एकेक बटण लावत तो गळ्यापाशी आला. वरचं बटणसुद्धा लावलं, तरी कॉलर आणि मान यांच्यामध्ये त्याची दोन बोटं सहज जात होती. त्याने ती तिथेच ठेवली, आणि आबांनीही ती काढ म्हटलं नाही.