सुट्या भागांच्या खणातला कप्तान

मी कप्तान बोलतोय. सकाळपर्यंत एका खणात पडून होतो, अंगावर चाकं, अँटेना आणि कुणाचा तरी पाय. म्हणून आवाज अजून बसलेला आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म साच्यातला. छातीवर सोनेरी चंद्राचा छाप, डोक्यावर हेल्मेट आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. हे हसू म्हणजे डोक्याला ताप आहे. आतून कितीही संतापलो तरी वरून हसतच राहावं लागतं. आताही हसतोय, पण फसू नका.

वडिलांनी ठोकळ्यांचा सेट आणला तो ताईसाठी. निळं यान, राखाडी पंख, समोर पिवळी काच आणि आत मी. घट्ट बसलेले ठोकळे नखांनी निघेनात की ताई सरळ दात लावायची. आई ओरडायची, "अगं, दात पडतील!" पडले, पण ते पडायचेच होते. धाकट्या भावाला, म्हणजे छोट्याला, यानाला हात लावायची सक्त मनाई. पलंगाखाली आमचा चंद्र होता. तिथं उतरता उतरता माझ्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा तुटला, छातीवरचा चंद्र घासून कोरीएवढा उरला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कामाच्या माणसाच्या अंगावर खुणा असायच्याच.

मग मुलं मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो. आई गेल्यावर घर आवरताना छोट्यानं आमचा डबा उचलला, ताईला न विचारता. तिनं फोन केला, "माझं यान कुठंय?" हा म्हणाला, "आता कशाला हवंय तुला ते?" बास! तेवढ्यावरून बहीण-भावात अबोला. वर्षानुवर्षं! आमच्यात एक ठोकळा निघाला तर परत बसवतात. यांना तेवढंही जमेना.

छोट्या आता दातांचा डॉक्टर आहे आणि जुनी अंतराळयानं जमवतो. एक अख्खी खोली काचेच्या कपाटांनी भरलीय. काही खोकी तर त्यानं उघडलेलीसुद्धा नाहीत. आत माझे भाऊबंद पिशवीत कोंडलेले, जन्मापासून एकदाही कुठं उतरलेले नाहीत. का, तर म्हणे खोकं फोडलं की मजा गेली. कपाळ माझं! पाहुणे आले की हा हातमोजे घालतो आणि त्यांना सांगतो, "लांबून बघा."

गेल्या महिन्यात ताईचा निरोप आला, येतेय म्हणून. छोट्याला चांगली बुद्धी सुचली: यान तिला परत द्यायचं. तिथंच थांबला असता तर किती बरं झालं असतं! पण नाही. "नव्यासारखं करून देतो," म्हणाला. एकेक नवा भाग दुसऱ्या जमवणाऱ्यांकडून आणून बसवला. जुने होऊन पिवळट पडलेले पंख गेले, चरे पडलेली काच गेली. दातांच्या खुणांचा ठोकळा त्यानं भिंगाखाली धरला. दिवसभर दातच बघणारा माणूस! मला वाटलं, आता तरी ओळखेल. "डॅमेज," म्हणाला आणि टाकला खणात. शेवटी मलाही टाकलं आणि माझ्या जागी एक चकचकीत पोरगा बसवला.

आज ताई आली. छोट्यानं यान पुढं केलं. "बघ ताई, अगदी नवं!"

तिनं ते हातात घेतलं. "छान आहे. कुणाचं?"

"कुणाचं काय? तुझंच!"

ताईनं यान उलटं करून पोटावरून अंगठा फिरवला. "माझं नाही रे. इथं माझे दात होते."

"ते खराब झालेले गं. मी बदलले."

"सगळे?"

"सगळे."

"म्हणजे माझं यान तू दुसऱ्यांदा नेलंस." तिनं ते टेबलावर ठेवलं आणि पर्स उचलली.

तेव्हा कुठं त्याला घाम फुटला. त्यानं खण ओढून सगळा जमिनीवर पालथा केला. "ताई, थांब ना! सगळं इथंच आहे. मला काही टाकवत नाही, तुला माहितीये."

दोघं फरशीवर बसली. छोट्यानं एकेक ठोकळा उजेडात धरला. "हा वरचा पुढचा दात, जरा वाकडा. हा तुझाच." मग एक उचलून तो अडखळला. "हा कुणाचा? हा बारका आहे."

"तुझा," ताई म्हणाली. "मी शाळेत गेले की तू खेळायचास."

"तुला माहीत होतं?"

"घरी आल्यावर कप्तान रोज उलटा बसलेला असायचा रे. मी गपचूप सरळ करायचे."

छोट्याचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं, पण माझं ते हसू!

जुने ठोकळे पुन्हा जोडून झाल्यावर ताईनं मला माझ्या जागी बसवलं. छोट्या नवं हेल्मेट घेऊन सरसावला. "हात लावून तर बघ!" ताई म्हणाली. निघताना तो कागद घेऊन मागं धावला, "निदान गुंडाळून तरी ने गं!"

"मग तूच धर आणि चल माझ्याबरोबर."

तर निघालोय. तुमच्या कपाटात आमच्यातलं कुणी कोंडलेलं असेल तर कृपा करून त्याला एकदा पलंगाखाली तरी उतरू द्या. यान छोट्याच्या हातात आहे, हातमोजे घरीच राहिलेत. आत्ताच दाराला लागून एक पंख निखळला. त्यानं तो उचलला आणि दातात धरून कुलूप लावलं.