हुडेकर आडनावाचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. भिंतीवर टांगायचा, पाठीला कापड लावलेला, वर-खाली लाकडी दांडे असलेला. माझ्या अंगावर दक्षिण भारत आहे. वर सोलापूर-कोल्हापूर, खाली कन्याकुमारी. नद्या निळ्या होत्या आणि टपालाचे रस्ते तांबडे होते, पण वार्निश जुनं झाल्यापासून दोन्ही तपकिरीच दिसतात. नकाशाने खोटं बोलू नये हे आम्हाला छापखान्यातच शिकवतात, आणि मी खोटं बोललोही नाही. मात्र बरीच वर्षं मी अर्धंच बोललो. त्यामुळे एका घरात काय झालं, ते आज सांगतो. ऐकताना मजा येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

छापखान्यातून मी थेट बंगळुरात आलो, टपालाच्या छाननीच्या खोलीत. माझ्यासमोर लांबच लांब टेबल, त्यापलीकडे लाकडी खण, आणि दिवसभर पत्रांची फेकाफेक. एखाद्या पाकिटावर खेड्याचं नाव लागेना, की माणसं माझ्याकडे धावत यायची. शाईची बोटं माझ्यावर फिरायची. "नकाशाला विचार" असं साहेबसुद्धा म्हणायचे. मला त्याचा फार अभिमान होता. पुढे नवा गुळगुळीत नकाशा आला आणि मला गुंडाळून कपाटावर टाकलं. तिथे सात वर्षं मी धूळ खाल्ली, झुरळांनी माझी रामेश्वरची बाजू कुरतडली, आणि कुणी माझी चौकशी केली नाही.

एकोणनव्वद साली मल्हारराव हुडेकर तिथून निवृत्त झाले. चाळीस वर्षं छाननी केलेला माणूस. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय हवं? त्यांनी घड्याळाऐवजी मला मागितलं. रिक्षात मांडीवर आडवं घेऊन त्यांनी मला जे. पी. नगरातल्या आपल्या घरी आणलं आणि बैठकीच्या भिंतीवर टांगलं. बंगळूर माझ्यावर रुपयाच्या नाण्याएवढं आहे. जे. पी. नगर छापलेलंच नव्हतं. ते मल्हाररावांनी निबाने दक्षिणेच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं. इतक्या मायेने माझ्यावर कुणी कधी लिहिलं नव्हतं.

मल्हाररावांना एकच वेड होतं, आपलं आडनाव. चाळीस वर्षं लाखो पत्रं हाताखालून गेली, पण 'हुडेकर' हे नाव मोजक्याच पाकिटांवर दिसलं. हुडा म्हणजे बुरूज. घरात सांगत आलेली गोष्ट अशी, की तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर त्यांचा मूळ पुरुष इकडे आला आणि किल्ल्याच्या हुड्यावर पहाऱ्याला राहिला. काळोखातसुद्धा कोसभरावरचा घोडेस्वार त्याला दिसे म्हणतात. आता हे खरं किती आणि फुगवलेलं किती, देव जाणे. मल्हाररावांना त्यातला शब्द न् शब्द खरा वाटे.

त्यांनी शोध घ्यायची रीतही टपालवाल्याचीच काढली. गावोगावच्या पोस्टमास्तरांना जोडकार्डं पाठवायची: आपल्या बटवड्यात हुडेकर नावाचं घर आहे काय? अर्धं कार्ड प्रश्नाचं, अर्धं उत्तराचं. 'आहे' असं उत्तर आलं की त्या घराला पत्र, आणि माझ्या अंगात एक लाल टाचणी. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा, तंजावर. टोचायचं, हे कबूल करतो, पण नकाशाला कामाचं दुखत नाही. पुणे-साताऱ्याकडे त्यांनी चाळीस कार्डं पाठवली. चाळीसही ठिकाणांहून उत्तर आलं, असं कुणी नाही. म्हणजे हे आडनाव तिकडून आलंच नव्हतं. ते इथेच, या मातीत लागलं होतं.

"सगळे एका घरातून फुटले की गे," ते बायकोला, गोजराबाईंना म्हणाले. आनंदाने त्यांचा आवाज चिरकला. "एकसष्ट घरं. मूळ एक."

गोजराबाई शेंगा सोलत होत्या. त्या सोलतच राहिल्या. मलाही त्या बातमीत का कोण जाणे आनंद वाटला नाही. त्र्याण्णव साली मराठी मंडळाच्या सभागृहात मला टांगलं, मल्हाररावांना शाल दिली, पोरंबाळं माझ्यापुढे उभी राहून आपापली टाचणी शोधत होती. इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

पण त्या कौतुकाच्या दिवसांतच मला एक गोष्ट खटकू लागली होती. हुडेकरांची पत्रं माझ्याखालच्या मेजावर वाचली जात. शिऱ्याच्या व्यंकोजी हुडेकरांचं पत्र त्यांच्या बायकोच्या हातचं होतं: 'यजमानांना दिसत नाही म्हणून मी लिहिते.' व्यंकोजींचं वय छत्तीस. कोलारहून आलेल्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढलेल्या. तंजावरहून एकाने लिहिलं, संध्याकाळनंतर मी घराबाहेर पडत नाही. मल्हारराव पत्ता तेवढा वहीत उतरून घेत आणि बाकीचं पत्र दोऱ्याने बांधून ठेवीत. "उन्हाचा देश आहे, डोळे जातातच," असं एकदा ते स्वतःशीच म्हणाले.

आणि मग ती गोष्ट घरात आली.

त्यांचा मुलगा शंभूराज तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता, यशवंतपूरच्या एका कारखान्यात. सरळ, कमी बोलणारा, आईचा लाडका. त्याने स्कूटर विकली. क्लच सारखा जातो म्हणाला. मग दिवसपाळीच मागून घेतली. एकदा संध्याकाळी सातला वीज गेली आणि तो कामावरून आत येत होता. गोजराबाईंनी मेणबत्ती लावली होती. ती त्याच्यासमोर चार पावलांवर जळत होती. तो हात पुढे करून भिंत चाचपत आला, त्याचा तळवा माझ्या अंगावर पडला, आणि तो माझ्याच आधाराने उभा राहिला. त्याच्या तळव्याला घाम होता. गोजराबाई मेणबत्ती हातात धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. मला त्या दिवशी भीती वाटली, मित्रांनो.

त्याच महिन्यात लग्नाची बोलणी सुरू झाली. या इकडच्या जुन्या मराठी घरांमध्ये बहिणीच्या मुलीवर पहिला हक्क मामाचा. कानडी मुलखात राहून ती रीत अंगवळणी पडली. शंभूराजाची थोरली बहीण संयोगिता होसकोट्याला दिलेली, आणि तिची मुलगी भव्या एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. शंभूमामाशी लग्न व्हायचं हे ती परकरात होती तेव्हापासून ऐकत आलेली. तिला तो आवडतही होता. कुणी तिच्यावर जुलूम केला असं समजू नका.

"घरची पोर घरात," मल्हारराव म्हणाले. "आणखी काय पाहिजे?"

त्या दुपारी गोजराबाईंनी शिवणाच्या डब्यातला निळा दोरा काढला आणि त्या स्टूल घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, तुमच्या नकाशात लेकी कुठायत?"

"लेकींचं आडनाव बदलतं की. त्यांना कशी टाचणी लावायची?"

"तेच म्हणते. स्वल्प सरका तिकडे."

त्यांना सगळ्या सोयरिकी तोंडपाठ होत्या. कुठली मुलगी कुठे दिली, तिची मुलगी कुठे गेली. त्या बोलत गेल्या आणि दोरा बांधत गेल्या. हुडेकरांच्या घरातून दोरा निघे, दुसऱ्या गावी जाई, आणि एका पिढीने त्याच घरी परत येई. बहीण गेली, भाची आली. मग त्यांनी पत्रांचं बंडल सोडायला लावलं आणि काळ्या डोक्याच्या टाचण्या मागितल्या. ज्या घरात कुणाचे डोळे तरुणपणी गेले, तिथे काळी. मल्हारराव कुरकुरत एकेक पत्र वाचत होते. हळूहळू त्यांचं कुरकुरणं थांबलं. काळ्या अकरा टाचण्या झाल्या. अकराही ठिकाणी दोरा गेला होता तसाच परत आलेला होता. जिथे सून अगदी परक्या घरची, तिथे एकही काळी नव्हती.

एक दोरा जे. पी. नगरातून निघून कोलारला जात होता आणि परत इथेच येत होता.

"हा माझा," गोजराबाई म्हणाल्या. "तुमच्या अक्काची लेक मी. तुम्ही माझे मामाच नव्हता का? आता शंभूकडे बघा."

मल्हारराव खुर्चीत बसले. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, पण तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. ते म्हणाले, "त्याला काही झालेलं नाही. सुम्ने, उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नको." गोजराबाई स्टूल उचलून आत गेल्या.

साखरपुड्याच्या सकाळी मल्हाररावांनी जे केलं त्याचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. गोजराबाई स्वयंपाकघरात होत्या. मल्हाररावांनी कात्रीने निळा दोरा कापला, काळ्या टाचण्या एकेक करून उपसल्या, डबीत टाकल्या आणि लाल तेवढ्या ठेवल्या. मग मला फडक्याने पुसलं, पाहुण्यांसाठी. मी पुन्हा अर्धंच बोलणारा झालो. ज्या माणसाने मला धुळीतून काढलं, त्यानेच माझं तोंड बंद केलं. दोन पिढ्यांचं नुकसान त्यांना दिसत होतं, आणि पाहुण्यांपुढे खाली बघायला लागू नये म्हणून ते तेच तिसऱ्या पिढीच्या माथी मारायला निघाले होते.

होसकोट्याची मंडळी अकराला आली. बैठकीत सतरंजी, पानसुपारी, नव्या साड्यांचा वास. भव्या हिरव्या साडीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली, होसकोट्याची टाचणी शोधायला.

"ताता, इथे भोकं कसली? टाचण्या पडल्या काय?" तिने आजोबांना विचारलं.

"जुना नकाशा आहे गे. चल, बस."

तेव्हा शंभूराज उठला. काळ्या टाचण्यांचं त्याला आईकडून कळलेलं होतं. खोलीत भरदिवसाही पडदे ओढलेले असल्याने तो खुर्च्यांना धरत धरत आला. त्याने मेजावर चाचपून डबी घेतली आणि एक टाचणी काढली.

"भव्या, माझं बोट जे. पी. नगरावर ठेव."

"का, मामा? इथेच तर लिहिलंय."

"मला दिसत नाही, म्हणून सांगतो. ठेव."

तिने त्याचं बोट धरून आजोबांच्या त्या बारीक अक्षरावर ठेवलं. त्याने बोटाच्या आधाराने काळी टाचणी आत दाबली. आजवर माझ्यात शेकडो टाचण्या गेल्या. ही एकच मला दुखली.

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पाच-सहा वर्षं दिसेल म्हणाले, कमी कमी होत. औषध नाही. त्यांनी पहिलं काय विचारलं ठाऊक आहे? आईवडिलांचं लग्नाआधी काही नातं होतं का. भव्या माझ्या बहिणीची मुलगी. आमची पोरं झाली तर त्यांनाही हेच होण्याची मोठी भीती आहे. मी हे लग्न करणार नाही."

संयोगिता रडू लागली. कुणीतरी पानाचं तबक झाकलं. भव्याने त्याचा हात सोडला नव्हता. ती आजोबांकडे वळून म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं ना, ताता?" मल्हारराव फडक्याने मेज पुसू लागले, आणि तेच उत्तर झालं.

मंडळी न जेवता गेली. त्यानंतर मल्हारराव आठ दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले, डबी उघडली आणि सगळ्या काळ्या टाचण्या जुन्या भोकांत परत लावल्या. गोजराबाईंनी दोरा बांधला. मग मल्हाररावांनी एकसष्ट जोडकार्डं लिहिली. आपल्या घराण्यात असं असं आहे, भाचीशी लग्न लावू नका, मुलांचे डोळे तपासून घ्या. स्वतःच्या घराचं नाव त्यांनी सर्वांत वर लिहिलं होतं. ते लिहिताना त्यांचा हात थांबलेला मी पाहिला, आणि माझा अर्धा राग तिथेच गेला.

एकसष्टांपैकी नऊ उत्तरं आली. त्यातली सहा शिव्यांची. हुडेकरांच्या मुलींची लग्नं मोडायला निघालात का, असं एकाने विचारलं. बाकीच्यांनी कार्डाचा उत्तराचा अर्धा भाग घरखर्चाचा हिशेब मांडायला वापरला असेल. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. शंभूराज आता कारखान्यात आवाजावरून यंत्र ओळखतो म्हणतात. भव्याचं शिक्षण चालू आहे. ती दर रविवारी येते आणि मामाला वर्तमानपत्र वाचून दाखवते.

परवा दोड्डबळ्ळापूरहून एक पाकीट आलं. कोपऱ्यांना हळद लावलेलं. तिथल्या हुडेकरांच्या धाकट्या मुलाचं लग्न, वधू त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. खाली पेनाने लिहिलं होतं: 'आपले कार्ड पोचले होते. आमच्याकडे तसे काही नाही. आशीर्वादास यावे.' माझ्या अंगावर त्या घराला गेल्या वर्षापासून काळी टाचणी आहे. नवरदेवाच्या मोठ्या भावाची; त्या नऊ उत्तरांतलं एक त्याचंच होतं.

"मी जाते," भव्या म्हणाली. "त्या मुलीशीच बोलते. तिला कुणी सांगितलंच नसेल."

"हाकलून देतील गे तुला," मल्हारराव म्हणाले.

"देऊ देत. नकाशा घेऊन जाते. सरी? चालेल ना?"

मल्हाररावांनी मान हलवली आणि स्वतःच्या हाताने मला खिळ्यावरून उतरवलं. टाचण्या निघू नयेत म्हणून गोजराबाईंनी माझ्यात जुनं लुगडं घालून मला सैल गुंडाळलं. लग्न उद्या सकाळी नऊ वाजता आहे. भव्या पहाटेच्या बसने निघणार. मी वेळेवर पोचेन की नाही ठाऊक नाही. पोचलो तरी मांडवात मला कुणी उलगडू देईल की नाही, तेही सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही नावांची एखादी यादी असेल, मोठ्या अभिमानाने जपलेली. ती जपा, पण त्यात घरातून गेलेल्या मुलींची नावं घाला, आणि ज्यांचं दुखणं झाकून ठेवलं त्यांचीही घाला. आणि कधी एखादी मुलगी जुना नकाशा काखेत मारून तुमच्या मांडवात आली, तर अक्षता टाकायच्या आधी तिला आत घ्या.