न रंगलेला विडा

"हिराबाय, चुना आन गो! व्याही पान हातात धरून बसलेत," कुंडलिकनं लेकीच्या सुपारीच्या मांडवातून हाक दिली.

हिराबाईच्या कमरेला दोन डब्या होत्या. एकीत गेल्या सालचा चुना, लोण्यासारखा आणि शेवटचाच. दुसरीत यंदाचा. गावात कुणाचंही लग्न ठरून सुपारी फुटायची असली की विड्याला चुना हिराबाईचाच लागे. नदीतल्या शिंपल्या वेचून, गोवऱ्यांत भाजून ती तो करायची. विडा रंगला नाही तर सोयरिकीत खोट, असं मुरबाडकडची म्हातारी माणसं मानत.

पण कुंडलिकनं टँकर घेतला आणि कुठल्याशा कारखान्याचं वापरलेलं ॲसिड पुलाखाली सोडू लागला. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यापर्यंत शिंपल्या पापडासारख्या झाल्या. बोटांत चुरायच्या, आत जीव नसायचा. यंदा भाजलेल्या शिंपल्यांवर पाणी ओतलं तर ना सळसळ, ना वाफ, नुसती राख. ती त्याच्या दारात भांडायलाही गेली होती.

"पानी वाहून जातं दर्याला. दर्या मोठा, सगलं पोटात घेतो," तो हसला होता.

"दर्यातल्या शिंपल्या काय लोखंडाच्या हायेत रे?"

त्याचं ते हसणं तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. तिनं यंदाची डबी पुढे केली.

व्याह्यांनी विडा चघळला, कुंडलिकनं चघळला, मांडवभर माणसं चघळत राहिली. एकाचं तोंड रंगेल तर शपथ! व्याहीण उठून अंगणात थुंकली. हिरवं पाणी.

"हा कसला चुना?" कुंडलिक ओरडला.

"नदीचाच. तू तिला ॲसिड पाजलंस, तिनं तुला हा दिला."

पाहुणे चहा न घेता उठले. कुंडलिक त्यांच्यामागे अनवाणी धावला. ते बघून हिराबाईला जेवल्यासारखं समाधान वाटलं.

तेवढ्यात नवरी मुलगी, समीक्षा, तिच्यापाशी आली. लहानपणी ती परकर खोचून हिराबाईबरोबर शिंपल्या वेचायची.

"मावशे, चांगला चुना हाय ना तुज्याकडं? दे ना गो. बाबांनी त्यांना फाट्यावर थांबवलंय."

हिराबाईचा हात कमरेकडे गेला. तिथंच थांबला.

"नाय गो बाय," ती म्हणाली.

परतताना ती पुलाखाली उतरली. डबी उघडून शेवटचा चुना तिनं नदीत सोडला. पाणी क्षणभर दुधासारखं झालं, मग पुन्हा होतं तसं. रिकामी डबी तिनं धुतली आणि सवयीनं कमरेला खोचली.