आत्याचं "हो"

माझ्या आत्याला ऐकू येत नाही, हे जगात फक्त तिला आणि मला माहीत होतं. लॉन्ड्रीतल्या त्या धडधडणाऱ्या ड्रमांनी तिचे कान खाल्ले होते. पण मशीन थांबल्याची घंटा जिला ऐकू येत नाही, तिला मालक सरळ घरी बसवतो. आधीच्या बाईला बसवलंच होतं. म्हणून आत्या ड्रमवर तळहात ठेवून काम करायची, आणि कुणी काही विचारलं की झकास हसून म्हणायची, "हो!"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिथे पोहोचले, तर इस्त्रीवाली वाफेतून तरातरा येत होती. तिला सगळे तोफ म्हणतात. दंड असे, की चादरीने नुसतं बघून सरळ व्हावं. सकाळी तिच्या हातून एक चादर जळली होती, ती तिने ढिगाखाली दडपली होती. मालकाने नेमकी तीच बाहेर ओढून सगळ्यांदेखत तिला झाप झाप झापलं होतं.

"का गं, तूच सांगितलंस ना?" ती आत्यासमोर उभी राहिली.

आत्या गोड हसली. "हो! सांगितलं की. दोनदा सांगितलं!"

आईशप्पथ, मी "आत्या, नको" म्हणेपर्यंत फाडकन आवाज आला. आत्याचा ओठ फुटला. पण माझी आत्या म्हणजे काही गरीब गाय नव्हे. तिने हातातली ओली, पिळलेली चादर गरकन फिरवून तोफेच्या कानशिलात हाणली. तोफ टेबलावर आदळली, इस्त्री ओल्या फरशीवर पडली आणि फस्स करून वाफ उठली. दुसऱ्या क्षणाला तीच चादर आत्याच्या गळ्याभोवती होती आणि वेणी तोफेच्या मुठीत.

"चुगलखोर! जीवच घेते तुझा!"

आत्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. मी दप्तर फेकलं आणि तोफेच्या मनगटाला कडकडून चावले. तिचं कोपर माझ्या नाकावर बसलं. भळाभळा रक्त! तरी मी तिच्या खांद्याला लोंबकळले आणि तिच्या कानात किंचाळले, "बहिरी आहे ती! ठार बहिरी! कशालाही हो म्हणते!"

चादर सैल झाली.

"चहा सांगितलास का, हेच विचारलंस ना?" आत्या खोकत, रक्त थुंकत म्हणाली. "सांगितला ना बाई! त्यावरून जीव घेतेस?"

"कोण बहिरी?" दारात मालक.

आत्या पाठमोरी, गळा चोळत होती. मालकाने तिच्याकडे पाहिलं, हळूच कोपऱ्यातली लोखंडी बादली उचलली आणि तिच्या मागे जाऊन धाडकन आपटली. मी टुणकन उडाले. आत्याची पापणीही हलली नाही.

त्याच क्षणी तोफेने अजून मुठीत असलेली वेणी हिसडली. इतक्या जोरात, की आत्या भोवऱ्यासारखी गर्रकन वळली.

"आई गं!"

समोर मालक, पायाशी गडगडणारी बादली. आत्याने छातीवर हात ठेवला. "बादल्या काय आपटता हो मालक? काळीज बंद पडलं असतं ना!"

"मग बहिरी कोण?"

"मी," तोफ म्हणाली. "सकाळपासून माझ्या कानात तुम्हीच तर ओरडताय."

मालक पुटपुटत निघून गेला. तोफेने मूठ उघडली. बोटांत आत्याच्या केसांचा झुपका अडकला होता.