एका शब्दाची फोड

मास्तरांच्या बायकोनं चादरीची घडी बॅगेत दाबून बसवली आणि वर टॉवेल ठेवला.

"शर्ट दोन पुरतील ना हो? आठवडाभर तरी ठेवून घेतील."

खुर्चीतले मास्तर पोटावर हात ठेवून बसले होते. सकाळी डॉक्टर त्यांच्याकडेच बघत इंग्रजीत बोलले होते. त्यातला एकच शब्द हिनं पकडून घरी आणला होता आणि आता त्याची फोड चालली होती. मास्तरांच्या इंग्रजीच्या शिकवण्या आयुष्यभर बाहेरच्या खोलीत चालल्या; भांडी घासता घासता तिनं त्या भिंतीआडून ऐकलेल्या.

इन. ऑपर. एबल.

"मागचं एबल म्हणजे करण्याजोगं. वॉशेबल, धुण्याजोगं. तुमच्याशी संसार, सोसेबल."

मास्तर हसले. पोटावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.

"मधलं ऑपरेशन. आणि पुढचं इन म्हणजे आत. इनडोअर, इनसाइड, इनकम. आत ठेवून घेऊन ऑपरेशन करण्याजोगं. बरोबर?"

बरोबर?

चूक दिसली की मास्तरांना राहवत नसे. स्वतःच्या लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन लाल शाईनं सुधारून त्यांनी ती सासऱ्यांना परत धाडली होती.

"बरोबर," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

"पैकीच्या पैकी?"

"पैकीच्या पैकी."

तिला चेवच आला. "मग इनव्हिजिबल म्हणजे आतलं दिसणारं. काचेच्या बरणीसारखं!"

"छे गं! न दिसणारं. तिथं इन म्हणजे न..."

न.

मास्तर थांबले. टॉवेलवरून फिरणारा तिचा हातही थांबला.

"तिथं न," ती हळूच म्हणाली. "आणि इथं आत?"

"इंग्रजीला शेंडा ना बुडखा." ते पुन्हा खिडकीकडे वळले. "कुठं काय, कुठं काय."

तिनं वर पाहिलं नाही. बॅगेतून टॉवेल काढला, चादर काढली, शर्ट काढले. एकेक करून कपाटात ठेवत गेली. एका शर्टाची घडी मोडली नव्हती, तरी ती उलगडून तिनं पुन्हा घातली.

"मग आपण आतच धरू," ती कपाटाकडे तोंड करून म्हणाली.