काळूरामच्या पुस्तकातली बाई

काळूराम जाऊन वर्ष झालं आणि रंगूबाईंनी सुनेकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं.

"बाय, यांची पुस्तकं मला वाचून दाखवशील? सगळी. पयल्यापासून."

मृणाली बघतच राहिली. तिचे सासरे भिवंडीतल्या एका कापड कारखान्यात लूम दुरुस्त करायचे आणि शिफ्ट संपली की रहस्यकथा लिहायचे. एके काळी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर त्यांची पुस्तकं हातोहात खपत. त्यांचा डिटेक्टिव्ह शिंत्रे गुंडांचा मार खायचा, दारू प्यायचा आणि गोड बोलणाऱ्या बायकांकडून हमखास फसायचा. घरात मात्र त्या पुस्तकांचं नाव कुणी काढत नसे. ती माळ्यावर ट्रंकेत पडून होती. रंगूबाईंना तर वाचताच येत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात दुपारी लोडशेडिंग असायचं. वीज गेली की आळीतले लूम थांबत आणि एकमेकींचं बोलणं ऐकू येई. तेवढ्या वेळात वाचन चाले. रंगूबाई दारातल्या उजेडात तांदूळ निवडत ऐकायच्या. खून झाला, शिंत्रेचा दात पडला, तरी त्यांना काही वाटत नसे. पण गोष्टीत बाई आली की हात थांबायचा.

"कशी दिसते? कुठची हाय?"

बाई मुंबईची, केस कापलेली निघाली की पुन्हा तांदूळ.

एक दिवस मृणालीनं नवं पुस्तक उघडलं. मुखपृष्ठावर पिस्तूल घेतलेली बाई होती. चित्र पाहून रंगूबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"ही नवऱ्याला टाकून जाते ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"शेजारच्या धोंडूबाईनं हेच चित्र दाखवून सांगितलं होतं तवाच. म्हणाली, नवऱ्यानं तुलाच लिवलंय." त्यांनी मांडीवरचे तांदळाचे दाणे झटकले. "मी गेले होते गं. तुझा नवरा लहान होता, त्याला घेऊन अंजूरला भावाकडं गेले. हे लिवायला बसले की आठ-आठ दिवस बोलायचे न्हाईत. मी काय भिंतीशी संसार करायचा? मागून हे पुस्तक आलं. त्यातली बाई खुनी हाय म्हणे."

"मग राहू द्या ना, आई."

"न्हाय. वाच. एक अक्षर गाळू नको."

मृणाली वाचत गेली. पुस्तकातली बाई खरंच भावाकडे निघून गेली. नवरा तिला न्यायला आला. ती त्याच्या पायांवर कोसळली, ढसाढसा रडली, माफी मागून परत आली आणि मग तिनं त्याच्या चहात विष कालवलं.

"थांब. पाया पडली?"

"हो."

"रडून माफी मागितली?"

"हो, आई."

रंगूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना.

"मग ती मी न्हाय! मी कुठं पाया पडले? हे आले तवा मी ओटीवर बसून होते, उठलेसुदीक न्हाय. म्हटलं, जेवताना माझ्याशी बोलणार असाल तर येते. हे म्हणाले, बरं. आणि बोलले गं, शेवटपर्यंत बोलले."

"इतकी वर्षं हे मनात ठेवलंत? त्यांनाच विचारायचं होतं."

"आणि हो म्हणाले असते तर?"

मृणालीनं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"आमचं अंजूरच्या ओटीवरचं बोलणं त्यांनी कुणाला सांगितलं न्हाय," रंगूबाई म्हणाल्या. "पुस्तकातपण न्हाय. बरं केलं."

उरलेली पुस्तकं त्यांनी पाय पसरून, निवांत ऐकली. आता त्या शिंत्रेला शिव्या घालायच्या, खुनी म्हणून गोष्टीतल्या मुनीमाचं नाव आधीच सांगून टाकायच्या. दर वेळी चुकायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "यांनीच घोळ घातलाय, माझा मुनीमच खरा खुनी हाय."